दासीचं साल

“घर सोडून दासी जाईल कुठे, तेवढं सांगा,” फादर म्हणाले. “नाहीतर शेवटचं प्रकरण काढून टाका. महिन्याची मुदत देतो. त्याशिवाय मी सही करणार नाही.”

दिपमालाने टेबलाची कड घट्ट धरली. जळगावच्या त्या सभागृहात तिच्या पीएच.डी.ची खुली तोंडी परीक्षा चालू होती. बाहेरून आलेले परीक्षक म्हणजे हे फादर. चाळीस वर्षं त्यांनी होऊ घातलेल्या धर्मगुरूंना ईश्वरशास्त्र शिकवलेलं. आवाज मऊ, पण प्रश्न असा की पळायला वाट नाही.

प्रबंधाचा विषय होता पाश्चात्त्य विचारातलं तत्त्वज्ञान आणि ख्रिस्ती ईश्वरशास्त्र यांचं नातं. मध्ययुगात ईश्वरशास्त्र ही मालकीण आणि तत्त्वज्ञान ही तिची दासी, असं म्हटलं गेलं. पुढे सगळे तेच गिरवत आले. दिपमालाने शेवटच्या प्रकरणात वाकडी वाट धरली. तिने लिहिलं, देव आहे हे तर्काने सिद्ध करायची वेळ आली तेव्हा मालकिणीने दासीलाच साक्षीला बोलावलं. जिच्या साक्षीवर घर उभं, ती दासी कसली?

“साक्ष दिली, मान्य,” फादर मघाशी म्हणाले होते. “पण व्यक्ती म्हणजे काय, इच्छा म्हणजे काय, यावर डोकं चालवायला ती आमच्याच घरात शिकली. शेकडो वर्षं. ते खाल्लेलं मीठ तुमच्या प्रकरणात कुठे आहे?”

हे खरंच होतं. म्हणून तर ती अडकली. राहिली म्हणावं तर दासी, गेली म्हणावं तर कृतघ्न.

तिचे मार्गदर्शक रतिलाल सर डोळ्यांनी खुणावत होते. हो म्हण, मोकळी हो. अशा परीक्षांचा शिरस्ता सरांना तोंडपाठ. शाल-श्रीफळ तयार, जेवण सांगून ठेवलेलं, श्रोत्यांनी विचारायचे दोन सोपे प्रश्नसुद्धा चिठ्ठ्यांवर लिहून पुढच्या रांगेत वाटलेले. एका प्रकरणापायी सहा वर्षांच्या मेहनतीवर पाणी कशाला सोडायचं?

शेवटच्या रांगेत तिचे वडील बसले होते, झुलाल आबा. सोनगीरला एकाच पाटलाच्या शेतात त्यांनी तीस वर्षं सालदारकी केली. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. आपण दासीवर लिहितोय, हे दिपमालाने त्यांना कधी सांगितलं नव्हतं. तिला लाज वाटायची. त्यांची नव्हे, त्यांच्या खाली घातलेल्या मानेची. आज आपलीही मान तशीच खाली चाललीय, हे जाणवून तिला स्वतःचाच संताप आला.

“करते दुरुस्ती” हे शब्द ओठांवर आलेच होते. तेवढ्यात अध्यक्षांनी रीतीप्रमाणे विचारलं, “श्रोत्यांपैकी कुणाला काही प्रश्न?”

पुढच्या रांगेतली चिठ्ठी उलगडायच्या आत मागून आवाज आला.

“मी इचारू का?”

आबा उभे होते. टोपी सारखी करत त्यांनी थेट फादरांकडे पाहिलं.

“ती दासीनं साल कव्हय सरस?”

सभागृहात खसखस पिकली. रतिलाल सरांनी कपाळाला हात लावला. फादर मात्र हसले नाहीत. “काय विचारताहेत ते?” त्यांनी दिपमालाला विचारलं.

“त्या दासीचं वर्ष कधी संपतं, असं विचारताहेत,” ती म्हणाली, आणि बोलता बोलता थांबली.

खान्देशात सालदाराचं वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला संपतं. त्या दिवशी तो कुणाचाच गडी नसतो. मालक त्याच्या दारी येतो आणि विचारतो, यंदा राहतोस का? लहानपणी दिपमालाला वाटायचं, पाटील सणाचे भेटायला येतात. आबा त्या दिवशी खाटेवरून उठायचे नाहीत. पाटील अंगणात उभे. आबा सावकाश तंबाखू मळायचे आणि म्हणायचे, “देखू.” दरवर्षी हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि सहा वर्षं ग्रंथालयात बसून तिला ते एकदाही आठवलं नव्हतं.

तिने टेबलाची कड सोडली. हे माझे आबा, सालदार, असं म्हणत तिने आखाजीची ती रीत फादरांना सांगितली.

“फादर, प्रकरण निघणार नाही. उलट त्यात दोन पानं वाढतील. दासीने मीठ खाल्लं, हे मी लिहीन. खाल्लं म्हणून ती जन्माची बांधली गेली, हे लिहिणार नाही. तिचं साल संपत होतं. पुढे राहायचं की नाही, हे तिला विचारावं लागत होतं. मालकीण विचारायची विसरली, त्याला दासी काय करणार? एवढं मंजूर नसेल तर पदवी राहू द्या.”

रतिलाल सर खुर्चीतून अर्धे उठले आणि तसेच राहिले. फादरांनी पेन खाली ठेवलं. ते दिपमालाकडे पाहतच नव्हते. ते आबांकडे वळले.

“आबा, परीक्षा बाजूला ठेवा. मला खरंच जाणून घ्यायचंय. एखाद्या आखाजीला तुम्ही नाही म्हणाला असता, तर गेला असता कुठे?”

“कोठे बी,” आबा म्हणाले. “मालकना पाय वावरमा गाडेल शेतस, साहेब. मन्हा मोकया शेतस.”

या वेळी फादरांनी विचारायच्या आत दिपमालाने अर्थ सांगितला, “मालकाचे पाय शेतात गाडलेले आहेत. माझे मोकळे आहेत.”