निरोगी गटातली विसावी

"मॅडम, अंगावर धातूचं काही राहिलं नाही ना?" काचेपलीकडून यंत्र चालवणाऱ्या गुरवकाकांचा आवाज स्पीकरवर आला.

"नाही."

डॉ. वृंदा एमआरआयच्या बोगद्यात आडवी होती, डोकं पट्ट्यांनी आवळलेलं. जुनाट वेदना आणि थकवा मेंदूत कसा दिसतो, या तिच्या अभ्यासाला तुलनेसाठी वीस निरोगी माणसं हवी होती. विसावी बाई आलीच नाही आणि यंत्र मिळण्याचा आज शेवटचा दिवस. "मग मीच झोपते," ती म्हणाली होती.

काका तिचीच प्रश्नावली वाचू लागले.

आत्ता वेदना किती? शून्य ते दहा.

चाळीस रुग्णांना तिने हे विचारलं होतं. तिला कधी कुणीच विचारलं नव्हतं. निरोगी माणसाचं उत्तर शून्य.

"मॅडम? डोळा लागला की काय?"

"सात."



"मग निरोगी गटात कसं बसवू तुम्हाला?"

"नका बसवू."

"अभ्यास अडेल."

"अडू दे, काका."

घरी कुणाला सांगितलंय?

काकांचा हा प्रश्न प्रश्नावलीत नव्हता.

"घरी मी एकटीच असते."

डोळ्यांतलं पाणी कानांकडे ओघळलं. ते पुसायलाही तिने हात उचलला नाही. आत जराही हलायचं नाही, हा नियम ती प्रत्येक रुग्णाला बजावत आली होती.

"हला आता, मॅडम," काका म्हणाले. "यंत्र मी मघाशीच बंद केलंय."