अध्यक्षांनी घातलेली बंदी

१९६६ साली दांडी गावात आमच्या समाजाचे अध्यक्ष वारले. त्यांनी माझ्या बापाला वाळीत टाकलं होतं. त्यामुळे सहा वर्षं मी चार घरं पलीकडच्या माहेरी गेले नव्हते. आईचा खोकला तेवढा ऐकू यायचा.

दहाव्याला त्यांच्या ओट्यावर समाजाच्या दोन पंचांत वाद पेटला.

"गावातली दारू यांनीच बंद केली. फोटो लावायचाच!" पदूमामा म्हणाले.

"दारू तोडली, आन् माणसंपण तोडली. तेचापण हार घाल!" हशाकाका उसळले.

मी धीर करून दारातून विचारलं, "काका, आता तरी माझ्या बापावरची बंदी उठवाल ना?"

दोघं पहिल्यांदाच एका सुरात बोलले.



"पोरी, ज्यानं बंदी घातली त्यानंच ती उठवायची, अशी रीत हाय."