पान सत्तेचाळीस

अहवाल मागायला माणसं येत. पानं किती, सादर कधी झाला, एवढं विचारून जात. वाचायला म्हणून आलेली ही पहिलीच बाई, आणि तिला बसवायचं कुठं हेच रेकॉर्डच्या कारकुनाला सुचेना. शेवटी त्याने स्वतःची खुर्ची दिली.

"रेल्वे फाटकाच्या अपघाताचा अहवाल," ती म्हणाली. "माझे मिस्टर तिथं फाटकवाले होते."

त्याने धूळ झटकून प्रत समोर ठेवली. आत चिठ्ठी डकवलेली होती: 'वाचला.' खाली अकरा साहेबांच्या सह्या.

बाईने पिशवीतून नवऱ्याच्या बडतर्फीचं पत्र काढलं. 'अहवालाच्या पान सत्तेचाळीसवरील निष्कर्षानुसार' असं त्यात होतं. पत्राला सहा वर्षं झाली. नवरा तेव्हापासून उंबरा ओलांडत नव्हता. मी फाटक लावलं होतं, असं तो पहिलं वर्षभर सांगायचा. मग म्हणायला लागला, एवढ्या मोठ्या लोकांनी चौकशी करून लिहिलंय, म्हणजे विसरलोच असेन.

ती बोट ठेवून वाचत गेली. बत्तीस पानांपर्यंत गाडी, रूळ, सिग्नल. तेहतिसाव्या पानावर बदकं आली.

तिने मागचं पान पाहिलं, पुढचं पाहिलं. आकडे ओळीने बरोबर होते.

"दादा, इथं दुसराच तुकडा जोडलाय." शिवणकाम करणारी बाई ती. जोड तिला लगेच कळला.

"छापखान्याची चूक. एखाद्या प्रतीत होतं असं," म्हणत कारकुनाने दुसरी प्रत काढली. त्यातही बदकं. मग तिसरी. कपाट रिकामं झालं. चौदाच्या चौदा प्रतींत तेहतीस ते अठ्ठेचाळीस बदकपालनच होतं.

"मूळ कागद असतील ना?"

"छापून झालं की ते रद्दीत जातात. नियमच आहे तसा."

"मग हे पत्र कशावरून लिहिलं?"

"आधीच्या पत्रावरून." कारकुनाने प्रतींची नोंदवही उघडली. तिच्यात 'प्रती तपासून घेतल्या' हे अक्षर त्याचंच होतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "तुम्ही अर्ज करा. चौकशी होईल."

"आणि तिचा अहवाल येईल," बाई म्हणाली. "ते राहू द्या. मला पान सत्तेचाळीसची नक्कल द्या, शिक्का मारून."

"ताई, त्यात तुमच्या मिस्टरांचं काहीच नाही. पिल्लांना ओला कोंडा किती घालायचा, तेवढंच आहे."

"तेच पाहिजे. माझं ऐकत नाहीत ते. सरकारी शिक्का असला की त्यांचा विश्वास बसतो."

कारकुनाने नक्कल काढली. 'खरी नक्कल' हा शिक्का उमटवला. मग सहीसाठी उघडलेलं पेन खाली ठेवून त्याने चष्मा लावला, आणि पान पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.