नवऱ्याचं वकीलपत्र

एका कंट्री-पॉप गायिकेनं स्वतःच्या घटस्फोटावर अख्खा अल्बम काढला आणि आमच्या वेलिंग्टनच्या ऑफिसात दोन तट पडले. बायका डोळे पुसत होत्या, पुरुष "जरा अतीच करते" म्हणत होते. त्या नवऱ्याचं वकीलपत्र मी घेतलं, कोणी दिलेलं नसताना.

संध्याकाळी अप्पर हट या उपनगरातल्या घरी परतताना माझ्या बायकोनं, मृदुलानं, गाडीत तोच अल्बम लावला. दर दोन ओळींनी गाणं थांबवून मी तिला नवऱ्याची बाजू समजावत होतो. घर आलं, तरी पहिलं गाणं संपलं नव्हतं.

शेवटी मीच वैतागून विचारलं, "पण या बाईची नेमकी तक्रार तरी काय आहे?"

मृदुला म्हणाली, "ती म्हणते, नवरा मला एकही वाक्य पुरं करू—"

"थांब," मी म्हणालो, "मी सांगतो."