आईचा नमुना

"जुळत नाही," मॅडम म्हणाल्या. "नदीकाठी सापडलेली हाडं तुमच्या मुलाची नाहीत, मावशी."

सुनेने रुमाल तोंडावर धरला आणि ती रडायला लागली. वर्षभर ती रडतच होती, पण हे रडणं वेगळं होतं. दाराशी उभ्या असलेल्या हवालदाराने घसा खाकरला आणि आपला सरकारी चेहरा जमेल तितका सैल केला. प्रयोगशाळेच्या या खोलीत चांगली बातमी सहसा येत नाही, त्यामुळे आली की काय करायचं ते कुणाला सुचत नाही. मॅडम स्वतः उठल्या आणि पाण्याचा पेला घेऊन आल्या.

सासू मात्र जागची हलली नाही.

तिचा मुलगा पुलाच्या कामावर मुकादम होता. गेल्या वर्षीच्या पुरात तो वाहून गेला. निदान सगळे तसंच म्हणत. सुनेला ते मान्य नव्हतं. डोक्याला मार लागला असेल, कुठल्यातरी गावात कुणी ठेवून घेतलं असेल, आठवलं की येतील, असं ती सांगायची आणि लोक हो ला हो करायचे. सासू हो म्हणायची नाही आणि नाहीही म्हणायची नाही. तिने गप्प बसावं ही त्या घरात नवलाचीच गोष्ट होती. एरवी तिचं तोंड बंद व्हायला झोपच लागावी लागे.

नमुना द्यायच्या दिवशीही तिने एवढंच विचारलं होतं, "आईचीच लाळ लागते का? त्याची एखादी वस्तू नाही चालणार?"

"चालते की. पण वस्तूला दहा हात लागलेले असतात. आई समोर असताना आम्ही वस्तूंच्या मागे लागत नाही."

मॅडमना समजावून सांगायची हौस होती. हाडाची भुकटी करतात, म्हणाल्या, आणि तिच्यातून त्या माणसाची खूण काढतात. त्या खुणेतलं अर्धं आईकडून आलेलं असतं, अर्धं बापाकडून. वडील हयात नाहीत तरी अडत नाही, आईचं अर्धं पुरतं. पाकिटावर नाव लिहीत नाहीत, नुसता क्रमांक टाकतात, म्हणजे तपासणाऱ्याच्या मनात दयामाया यायला नको. एकाने काढलेलं उत्तर दुसरा पुन्हा काढून बघतो. एवढं सांगून त्यांनी कापूस लावलेली काडी पुढे केली. सून शेजारीच बसली होती. सासूने तोंड उघडलं.

"ह्यांचं नाकसुद्धा अगदी आईंचंच आहे," सून तेव्हा म्हणाली होती.

हे त्या घरातलं ठरलेलं वाक्य. ते रूढ केलं होतं सासूनेच. नाक माझं आणि आळस बापाचा, असं ती येईल त्याला ऐकवायची. ते ऐकलं की सासऱ्यांना हमखास ठसका लागायचा. त्या ठसक्याचं कारण मात्र तीस वर्षांत कुणी विचारलं नाही.

आता सुनेने डोळे पुसले आणि माहेरी कळवायला फोन काढला. "सांगत होते ना मी, आई? येणार ते." असं सासूला म्हणत तिने तिचा हात घट्ट धरला. या दोघींचं गूळपीठ आहे असं शेजाऱ्यांनी कधी म्हटलं नसतं. भाजीत मीठ कमी पडलं तरी आवाज रस्त्यापर्यंत जायचा. पण आज तिने तो हात काही सोडला नाही.

पुढचं सोपं होतं. उठायचं, घरी जायचं आणि दोघींनी मिळून वाट बघायची. सासूलाही मनातून तेच हवं होतं. खोटं तर ती इथे एक अक्षर बोलली नव्हती. काडी मागितली, तिने तोंड उघडलं. बाकी कुणी काही विचारलंच नव्हतं.

"मग त्या हाडांचं आता काय करणार?" तिने विचारलं.

उत्तर हवालदाराने दिलं. "बेवारस म्हणून नोंद होईल, मावशी. डबा राहील फळीवर. बरेच दिवस कुणी आलं नाही तर पुरून टाकतात."

"नाव?"

"नाव कसलं घालणार? क्रमांक असतो."

सासूने मान हलवली. सून उठून पिशवी खांद्याला लावत होती. सासूने तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"बस जरा," ती म्हणाली आणि मॅडमकडे वळली. "त्याचा दात घासायचा ब्रश घरी तसाच ठेवलाय मी. कुणाला हात लावू दिलेला नाही. त्यावरून परत बघा."

"अहो मावशी," मॅडम समजुतीने म्हणाल्या, "आईचा नमुनाच जुळला नाही, मग ब्रश कशाला?"

सासूला सुनेकडे बघवेना. पण तिचा आवाज भांडताना असायचा तितकाच स्वच्छ निघाला.

"आई मीच आहे, पण तो माझ्या पोटचा नाही. अनाथाश्रमातून आणला आम्ही. तिथे त्याला नाव नव्हतं, पाळण्यावर नुसता क्रमांक होता. त्यालासुद्धा हे कधी सांगितलं नाही. त्या डब्यात तो असला, तर त्याला दुसऱ्यांदा बेवारस होऊ देणार नाही मी."