चार मिनिटांचा कागद

"प्लास्टिकच्या कागदावर मी फोटो छापत नाही," कागदकाकांनी तोंडावरच सांगून टाकलं. "घाई असेल तर कोपऱ्यावर मशीनवाला आहे. चहा थंड व्हायच्या आत हातात देतो."

फोटो छापून घ्यायला आलेल्या शिंप्याने प्लास्टिकचं नावही काढलं नव्हतं. उद्या सकाळपर्यंत मिळेल का, एवढंच विचारलं होतं. पण काकांकडे कुणी घाईचा विषय काढला, की त्यांची गाडी प्लास्टिकवर घसरलीच म्हणून समजा. कागदकाका हे नाव त्यांना उगाच पडलं नव्हतं.

शिंप्याने खिशातून पाकीट काढलं आणि त्यातली निगेटिव्ह पुढे केली. "मेव्हण्याने काढलाय. त्याच्याकडे रोलचा कॅमेरा आहे."

काकांनी ती खिडकीच्या उजेडात धरली. आठेक वर्षांची मुलगी, दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला. कशाला तरी खदखदून हसत होती.

"नात?"

"मुलगी. मागच्या पावसाळ्यात गेली. रस्त्यावरच्या चेंबरला झाकण नव्हतं, त्यात पडली. काढायला माणसं आली ती तासाभराने."

काकांनी निगेटिव्ह अलगद पाकिटात ठेवली.

"आता महापालिकेच्या ऑफिसात म्हणतात, झाकण होतं," शिंपी सांगत होता. आवाज चढवायचा त्याला आता कंटाळा आला असावा. "दुसऱ्या दिवशी नवंकोरं आणून बसवलं आणि तेच दाखवतात. मी सारखा जातो. दर वेळी साहेब विचारतात, कुठली मुलगी? म्हणून मोठा फोटो हवाय. उद्यापासून तो घेऊन त्यांच्या दारात बसणार."

"कुठली मुलगी?" काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "असं विचारतो? लाज कोळून प्यायलेत मेले. बसा तुम्ही. असा फोटो देतो की त्याच्या घशाखाली घास उतरायचा नाही."

त्यांनी तरातरा जाऊन दोन कोरे कागद आणले आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. "हात लावून बघा."

शिंप्याने अंगठा आणि बोटाच्या चिमटीत आधी एक कागद चोळला, मग दुसरा. दुकानात कापडाचं टोक धरून बघावं तसा.

"हा सुती," तो म्हणाला, "आणि हा नायलॉन."

काका खूश झाले. इतकी वर्षं ते घसा फोडून सांगत होते, आणि हा गडी नुसत्या चिमटीने ओळखत होता. "बरोबर! हा फायबरचा, म्हणजे नुसत्या तंतूंचा, अस्सल. तो दुसरा प्लास्टिकचा लेप दिलेला. मी फक्त आधी अंदाज घ्यायला वापरतो. फायबरचा काळा रंग बघाल, तर नजर हलणार नाही. शंभर वर्षं टिकतो. तो साहेब रिटायर होईल, मातीत जाईल, आणि ही पोरगी त्याच्या खुर्चीकडे बघत राहील."

"मग हाच द्या."

"देतो ना. पण याला वेळ द्यावा लागतो." काका आता रंगात आले होते. "औषधं कागदात पार भिनतात. ती निघायला वाहत्या पाण्यात ठेवायचा, तासभर. लोक इथेच चोरी करतात, दहा मिनिटांत उचलतात. मी नाही. तास भरल्याशिवाय मी कागदाला हात लावत नाही, मग कुणी कितीही गयावया करो."

शिंप्याचं बोट कागदावर थांबलं. त्याने तो हळूच टेबलावर ठेवला.

"आणि याला?"

"त्याला काय, चार मिनिटं. आत काही मुरतच नाही त्याच्या."

"मग हा द्या."

काकांचं टाळकं सरकलं. "अहो, मघापासून मी काय भिंतीशी बोलतोय? सूत कशाला म्हणतात ते कळतं तुम्हाला, आणि स्वतःच्या पोरीला नायलॉन? काही वर्षांत तडे जातील चेहऱ्याला. एका तासाने असं काय बिघडणार आहे?"

शिंप्याने निगेटिव्हच्या पाकिटावर हात ठेवला.

"तासभर पाण्यातच होती ती, काका."

मागे मोरीतला नळ ठिबकत होता. काका उठले आणि त्यांनी तो घट्ट पिळला. परत आले तेव्हा फायबरचा कागद त्यांनी दिसणार नाही असा खोक्यात सारला.

"कुठली मुलगी म्हणे," ते पुटपुटले. कपाटातून त्यांनी प्लास्टिकचा सगळ्यात मोठा कागद काढला, त्या साहेबाच्या टेबलावर मावणार नाही एवढा. मग डार्करूमचा पडदा बाजूला केला. तिथे ते कुणालाच येऊ देत नसत. "या आत."

लाल दिव्याखाली आधी वेण्या आल्या, मग डोळे, मग तो पडलेला दात. शिंप्याने तोंडावर हात धरला. काका त्याच्याकडे बघत नव्हते. ते ट्रे हलवत होते आणि साहेबाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. "झाकण होतं म्हणे. दाखवतो म्हणे. तुझ्या डोळ्यावर बसवलंय झाकण."

मग त्यांनी फोटो धुवायला नळाखालच्या ट्रेमध्ये सोडला. पाणी चेहऱ्यावरून वाहू लागलं. सवयीने त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

शिंप्याने खिळ्यावरचा धुतलेला टॉवेल काढून घेतला होता. न्हाणीच्या दारात मुलासाठी धरावा तसा तो दोन्ही हातांनी पसरून उभा होता.

चार मिनिटं व्हायला अजून अवकाश होता. काकांनी घड्याळाकडे पाठ केली, पोरीला पाण्यातून उचललं आणि त्या टॉवेलात दिलं.