कोरा चेहरा

"चित्रातली गोष्ट सांगू नकोस," देवयानी मॅडम म्हणाल्या. "रेघा सांग."

ठाण्याच्या कला महाविद्यालयात अक्षदाची तोंडी परीक्षा चालली होती. पडद्यावर पाचशे वर्षांपूर्वीचं इटालियन चित्र होतं, तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेलं. वादनात देवाशी पैज लावून हरलेला मार्सियस झाडाला उलटा टांगलेला, आणि अपोलो देव सुरीनं त्याची कातडी सोलतोय.

"सगळ्यात दाट रेघा मार्सियसच्या अंगावर आहेत," अक्षदा म्हणाली. "फासळ्या, ताणलेले दंड, उघडं तोंड. एकीवर एक तिरप्या. अपोलोकडे येता येता त्या विरळ होतात. चेहऱ्यावर तर रेघच नाही जवळजवळ. नुसता कागद सोडलाय."

"म्हणजे?"

"म्हणजे तो चिडलेला नाही, मॅडम." तिनं पडद्याकडे बोट दाखवलं. "काम करतोय."

मॅडमनी मान डोलावली आणि तिला सोडलं.

फाटकापाशी तिची आई, मालन, उभी होती. दोघींना डोंबिवलीच्या पोलीस ठाण्यात जबाब द्यायला जायचं होतं. रविवारी भरदुपारी, कोपरला त्यांच्याच बिल्डिंगखाली, अक्षदाच्या भावानं, सहदेवनं, साईनाथला लोखंडी पाइपनं मारलं होतं. साईनाथशी ती लग्न करणार होती. आधी गुडघे फुटले, मग जबडा. तो अजून शुद्धीवर नव्हता.

"वकील काय म्हणाले, लक्षात आहे ना?" मालननं विचारलं. "तुम्हा दोघांना बघून सहदेवचं डोकं फिरलं. रागात भान राहिलं नाही. एवढंच सांगायचं."

"तो रागात नव्हता, आई."

"अक्षदा."

"मी समोर होते. पाइप हातातून निसटला, तर त्यानं तळवा पँटला पुसला. मग परत उचलला. मला म्हणाला, बाजूला हो, तुला लागेल."

मालननं तिच्या थोबाडीत मारली. वॉचमन वळून बघू लागला. अक्षदानं गालाला हातही लावला नाही.

"मी हेच सांगणार," ती म्हणाली.

मालन फाटकाशेजारच्या कठड्यावर बसली. पदरानं तोंड पुसलं.

"खाली उतरायच्या आधी त्यानं हातातलं घड्याळ काढलं," ती रस्त्याकडे बघत म्हणाली. "माझ्याकडे दिलं. म्हणाला, धर, काच फुटेल."